पोकर : ठरवलेलं कुठे मोडतं? अनुभव लिहा

टेबलावर बसण्याआधी माझं सगळं ठरलेलं असतं. पहिल्यांदा बोलायची (म्हणजे खेळायचं की नाही ते सांगायची) जागा आली तर मोठ्या जोड्या आणि एक्का-बादशहासारखेच पत्ते खेळायचे, बटणावर (वाटप करणाऱ्याची जागा, तिथे बहुतेक सगळ्यांनंतर बोलायचं असतं) थोडं सैल सोडायचं, नेलेल्या चिप्स संपल्या की उठायचं. पहिला तास मी शहाण्या मुलासारखा वागतो. मग वीसेक डाव ओळीने टाकून झाले की गुलाम-अठ्ठीसुद्धा गोड दिसायला लागते. परवा तेच. चौकटचा गुलाम, किल्वरची अठ्ठी, माझ्यामागे आठ जण बोलायचे बाकी. पत्ते टाकायला उचललेल्या हाताने चिप्स पुढे सरकवल्या. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, गुलाम आला, म्हणून तर जास्त गेलं. समोर गुलामच होता, जोडीला एक्का.

म्हणजे मला कंटाळा नडतो. तुमचं कुठे मोडतं?

*

मला राग नडतो. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. ती आली, फ्लॉपच्या आधीच दोघांच्या सगळ्या चिप्स मध्ये, समोर बादशहांची जोडी. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या सामाईक पत्त्याला, तिसरा बादशहा! एक्के इथे साधारण 82 टक्के वेळा जिंकतात, म्हणजे पाचात जवळपास एकदा हे व्हायचंच, हे मला तोंडपाठ आहे. तरी पुढचा अर्धा तास मी त्या एकाच माणसाच्या मागे लागले होते. त्याने रेझ केलं (बोली वाढवली) की माझा कॉल (तेवढ्याच चिप्स घालणं), हातात सत्ती-दुर्री का असेना. याला टिल्ट म्हणतात हेही मला माहीत होतं, बरं का. आता मोठा पॉट (मध्ये साठलेल्या चिप्स) गेला की दोन-तीन डाव टेबल सोडून उभी राहते.

*

माझं हरल्यामुळे नाही, जिंकल्यामुळे बिघडलं. टर्नपर्यंत, म्हणजे चौथ्या सामाईक पत्त्यापर्यंत, माझे चार बदाम, पाचवा हवा होता, बाकी काही नाही. पॉटमध्ये 200 चिप्स, समोरच्याने आणखी 200 लावल्या. 600 साठी 200 घालायच्या, म्हणजे निदान 33 टक्के संधी हवी. न दिसलेल्या 46 पत्त्यांत बदाम उरले 9, म्हणजे जेमतेम 20 टक्के. रिव्हरनंतर त्याच्याकडून आणखी काही निघेल असंही नव्हतं, त्याच्या चिप्स संपल्या होत्या. सरळ फोल्ड, म्हणजे पत्ते टाकायचे. मी कॉल केला आणि बदाम आला.

त्या एका पत्त्याने मला महिनाभर नागवलं. दर वेळी वाटायचं, येईल की! शेवटी वही केली. तीत किती जिंकलो हे लिहीत नाही. कॉल करताना हिशेब बसत होता का, एवढंच लिहितो. तो बदामाचा डाव पहिल्या पानावर आहे, चूक म्हणून.

*

मी थोडी उलटी तक्रार करतो. मी इतका काटेकोर खेळायचो की माझा रेझ आला की सगळे पत्ते टाकायचे. एक्के आले तरी पदरात नुसते ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी सक्तीने घातलेल्या चिप्स. आता बटणावरून इस्पिकची पंजी-छक्की घेऊनही रेझ करतो. मात्र कुठले पत्ते घेऊन हे करायचं, ते बसण्याआधीच ठरलेलं असतं. टेबलावर सुचलेला ब्लफ मला आजवर महागच पडलाय.

*

चिप्स संपल्या की उठायचं, हे मलाही जमतं. नेल्याच्या तिप्पट झाल्यात, डोळे मिटायला लागलेत, अशा वेळी कोण कोण उठतं ते सांगा. मी अजून एकदाही उठलेली नाही.