तेरड्याचा रंग तीन दिवस : कोणता रंग, कुठले तीन दिवस?

शब्दवेल्हाळ : एका कथेचं हिंदी भाषांतर करतेय. आजी नातीच्या नव्या मैत्रीबद्दल म्हणते, "तेरड्याचा रंग तीन दिवस." मी 'चार दिन की चाँदनी' लिहून मोकळी झाले. संपादकांनी विचारलं, रंग कुठे गेला? आता मीच अडकलेय.

घाटवाट : फुलाचा रंग, आणखी कशाचा? उमललं की दोन-तीन दिवसांत गळतं.

जुनं माजघर : नाही हो. रंग नखांचा! आम्ही तेरड्याच्या पाकळ्या वाटून नखांना लावायचो. भांडी घासली की तिसऱ्या दिवशी नखं कोरी. हिंदीत त्याला गुलमेहंदी म्हणतात ते काय उगाच?

घाटवाट : फुलं गळली तरी घाटातली दरड महिनाभर गुलाबी असते, एवढं मान्य. पण नखांचं काही पटत नाही. नीट लागलेला रंग नख वाढेपर्यंत जात नाही.

कातळखोद : दोघंही चुकताय. तीन दिवस गौरीचे : आवाहन, पूजन, विसर्जन. आमच्याकडे कोकणात तेरडा मुळासकट उपटून आणतात, मुळं म्हणजे गौरीची पावलं. विसर्जनापर्यंत रोपाने मान टाकलेली असते.

जुनं माजघर : मग म्हणीत गौर का नाही?

पारिभाषिक : मूळ मुद्दा असा की तेरडा वर्षायू आहे, पावसाळ्यानंतर अख्खं रोपच मरतं. (कृपया 'वार्षिक वनस्पती' लिहू नका. वार्षिक सभा असते.)

घाटवाट : चार महिन्यांत मरणाऱ्याला वर्षायू म्हणायचं? माझी आई 'पावसाळी' म्हणते, बास.

पारिभाषिक : बी धरून मोजा. पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावा, फटकन फुटून बिया उडतात. त्या उन्हाळाभर पडून राहतात आणि पहिल्या पावसांत रुजतात. झालं वर्ष.

कातळखोद : ते बोंड फोडायला आम्ही शाळा बुडवून सड्यावर जायचो. कडेच्या ओलीला रांगेत असायचा तेरडा.

शब्दवेल्हाळ : सड्यावर? म्हणजे फुलांच्या सड्यावर?

कातळखोद : अहो, सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार! अंगणात शिंपडतात तो वेगळा.

घाटवाट : आम्ही त्याला माळ म्हणतो.

कातळखोद : माळावर नांगर चालतो. सड्यावर चालवून दाखवा.