मदत हवी आहे: विंडोज ७ वर क्रोम १०९ अडकलंय, त्यावर गिऱ्हाइकांचं काम करावं का?

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोली बाजारात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. वीज बिल, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, गृह आधार योजनेचे कागद, पोरांचे कॉलेजचे अर्ज, असलं काम. तीन कॉम्प्युटर. एकावर विंडोज ११, बाकी दोघांवर अजून विंडोज ७, कारण लीगल साइजचा जुना स्कॅनर पुढच्या विंडोजवर चालत नाही; ड्रायव्हरच मिळत नाही. रॅम २ जीबी.

त्या दोघांवर क्रोम १०९ आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आलं, ते विंडोज १० च्या खाली बसतच नाही. वर येणारी सूचनेची पट्टी मी इतके दिवस फुली मारून बंद करत होतो. गेल्या आठवड्यात भाचा आला, त्याने ती पाहिली आणि मला बसवून सगळं समजावलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी लायब्ररीत (ब्राउझर वापरतात तो तयार कोड) भोक सापडलं; अशा भोकांच्या यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३. चित्रातल्या हफमन तक्त्यांसाठी (चित्र दाबून लहान करायला वापरलेले तक्ते) जेवढी मेमरी राखलेली असते, तिच्या पलीकडे मुद्दाम बिघडवलेलं चित्र लिहायला लावतं. डाउनलोड नको, क्लिक नको, पान उघडून चित्र दिसलं की पुरे. दुरुस्ती येण्याआधीच कुणीतरी ते वापरत होतं. क्रोमने ११ सप्टेंबरला ११६.०.५८४५.१८७ काढलं, फायरफॉक्सनेही लगेच दुरुस्ती दिली. अशी भोकं त्यानंतरही सापडतच आहेत, आणि माझं १०९ तिथेच आहे.

मी म्हटलं, क्रोममध्ये सँडबॉक्स, म्हणजे वेबपान बंदिस्त ठेवणारं कुंपण, असतो ना? तो म्हणाला, असतो, पण ते कुंपण ओलांडायला दुसरं भोक लागतं, आणि विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० लाच थांबलीय. म्हणजे कुंपणाची भोकं कोणी बुजवणारच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण त्याच दिवशी एक काकी आल्या होत्या. पेन्शनचं काम. चष्मा विसरलेला, म्हणून मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बाबा, ओटीपी तूच बघ." त्या गेल्यावर डाउनलोड्स फोल्डर उघडला. आधार, पासबुकची पहिली पानं, रेशनकार्डं, गेल्या चतुर्थीच्याही आधीची. ते सगळं मी पुसलं. आता रोज संध्याकाळी पुसतो.

जाणकारांनी सांगावं: विंडोज ७ वर फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ दुरुस्ती मिळणारी आवृत्ती) टाकलं तर निदान ब्राउझरपुरतं भागेल, की खालची विंडोजच जुनी असल्यामुळे ते वरवरचं ठरेल? अँटिव्हायरस आहे, पण मेमरीतल्या मेमरीत होणारा असला हल्ला त्याला पकडता येतो का? विंडोज १० घ्यावं तर त्याचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

दुसरा विचार असा, की एक जुनं मशीन नेटशिवाय फक्त स्कॅनिंगला ठेवायचं आणि फाइल पेनड्राइव्हने हलवायची. पण पेनड्राइव्ह गिऱ्हाइकांचेही लागतात, त्याची भीती वेगळीच. दुसऱ्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकली तर २ जीबीत फॉर्म भरण्याइतकं चालेल का? आणि जुने यूएसबी स्कॅनर लिनक्सवर कुणी चालवलेत का? तसं झालं तर विंडोज ७ आजच काढून टाकतो.

तोवर दोन्ही मशीनची नेटची वायर काढून ठेवलीय. एकाच कॉम्प्युटरवर काम चालू आहे, रांग पायरीपर्यंत जाते.