गॅस गिझर ‘वापरू नका’ सांगून मेकॅनिक रेग्युलेटर काढून गेला, ऐकायचं का त्याचं?

फोंड्याचा मी: मंडळी, फ्लॅटच्या बाथरूममध्ये ६ लिटरचा गॅस गिझर आहे, सहा वर्षं झाली, एकदाही काही झालं नाही. परवा सर्व्हिसिंगला मेकॅनिक आला, सगळ्या जॉइंटना साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही, पाइप तर मी गेल्याच वर्षी बदललाय. तरी म्हणतो हा इथं चालवायचा नाही, आणि सरळ रेग्युलेटर काढून ठेवला. कारण काय तर ‘हवा नाही’. वर लगेच, माझ्याकडे नवीन मॉडेल आहे, एक्सचेंजमध्ये बसवून देतो! लीकच नाही तर धोका कसला? ऐन श्रावणात आईनं गार पाण्यानं न्हायचं का?

म्हापसेकर: साबणाच्या पाण्यानं न जळलेला गॅस गळतो का तेवढंच कळतं हो. जळल्यावर काय होतं ते वेगळं. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वासच नाही. सिलिंडरच्या गॅसला येतो तो वास मुद्दाम घातलेला असतो, जळला की तोही गेला, म्हणजे नाकावर भरवसा ठेवून उपयोग नाही. सिलिंडरच्या गॅसमधल्या प्रोपेनला जळायला स्वतःच्या साधारण २४ पट हवा लागते. खिडकी केवढी आहे? आणि धूर बाहेर जायला पाइप?

फोंड्याचा मी: धुराचा पाइप नाही. खिडकी काचेच्या पट्ट्यांची, पण पावसाची झड आत येते म्हणून जूनमध्ये आतून अॅक्रिलिकची शीट मारलीय स्क्रूनं.

डिचोलीवाली: अहो मग सहा वर्षांचा हिशोब कशाला सांगता, शीट मारल्यापासूनचे दिवस मोजा! आमच्या वहिनी अशाच बाथरूममध्ये पडल्या, कडी आतून, दार फोडावं लागलं, नशीब वेळेत बाहेर काढलं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त चिकटतो म्हणे, आधी डोकं जड, मळमळ, मग पायातलं बळच जातं. कोणाला असं झालं तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि थेट हॉस्पिटल, लिंबूपाणी करत बसू नका. घरात कोणाचं डोकं दुखतं का, विचारा जरा.

वास्कोचा दादा: मेकॅनिकचं निदान बरोबर, औषध चुकीचं. हवा नाही म्हणून जुना बंद केला ना, मग नवा गॅस गिझर त्याच भिंतीवर लावून हवा कुठून येणार? हे त्यालाच विचार आणि कारण कागदावर लिहून माग, मजा येईल. लावायचाच तर गिझर बाहेर उघड्या बाल्कनीत, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. नाहीतर सरळ इलेक्ट्रिक घे. ज्योत पिवळी दिसायची का रे?

फोंड्याचा मी: हो, पिवळसर. मला वाटलं पाणी जास्त तापतंय. आईला आत्ता विचारलं, म्हणाली गेले दोन सोमवार डोक्यावरून न्हाल्यावर तासभर डोकं जड असतं, तिला वाटायचं उपासामुळं. शीट काढली. रेग्युलेटर राहू दे तसाच. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावलंय, तोवर स्वयंपाकघरात शेगडीवर हंडा.