नॉर्मलला काय म्हणायचं, लंब की अभिलंब?

मिरजकर: भाचीसाठी बारावीचा प्लेनचा धडा मराठीत लिहून काढतोय, पोरगी दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, आता सगळं इंग्रजीत म्हणून अडखळतेय. प्लेनला प्रतल, व्हेक्टरला सदिश, इथपर्यंत ठीक. २क्ष + ३य + ६झ = १४ या प्रतलाचा नॉर्मल, म्हणजे प्रतलाशी काटकोनात असलेला सदिश, (२, ३, ६), त्याला मी लंब लिहिलं. वडील म्हणाले लंब म्हणजे ओळंब्यासारखा सरळ खाली. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, त्यांचं खोडता येईना.

वाईकर: अभिलंब लिहा. आणि प्रतलच ठेवा, हिंदीतलं समतल नको. समतल म्हटलं की सपाट रान डोळ्यापुढं येतं, हे तर तिरकं आहे.

कोरेगावची: मी शाळेत शिकवते. विज्ञानाच्या पुस्तकात आरशावर जी स्तंभिका काढतात ना, तोच हा नॉर्मल, पोरीला तो शब्द आधीच येतो. मी तर पुठ्ठ्यात पेन्सिल उभी खोचून दाखवते. पुठ्ठा कसाही कलवा, पेन्सिल त्याच्याशी काटकोनातच राहते, ओळंबा मात्र जमिनीकडंच. आता पुठ्ठ्यावरचा एक बिंदू अ, दुसरा कुठलाही र, पेन्सिलीचा सदिश न. अ पासून र कडं जाणारा सदिश पेन्सिलीशी काटकोनात, आणि काटकोनातल्या दोन सदिशांचा बिंदू-गुणाकार शून्य, म्हणून (र − अ)·न = ०. झालं समीकरण.

वाईकर: स्तंभिका आरशापुरती ठीक आहे हो, पण एकाच गोष्टीला दोन विषयांत दोन शब्द असले तर मराठीत गणित कुणी कसं लिहायचं? विश्वकोश आमच्या वाईत घडला, म्हणून हे मनाला लागतं.

विटेकर: माझा आक्षेप सदिशवरच आहे. व्हेक्टर लॅटिन, अर्थ वाहून नेणारा. डासाला रोगवाहक म्हणतातच की, गणितातपण वाहक करायला पाहिजे होतं.

कोरेगावची: विजेची तारपण वाहक, एसटीतला कंडक्टरपण वाहक, किती ओझं त्या शब्दावर. सदिश म्हणजे दिशेसकट, ऐकताक्षणी कळतं.

मिरजकर: वडिलांना पुठ्ठा दाखवला. म्हणाले हा तर गुण्या, आमचा गवंड्यांचा काटकोन तपासायचा, पडवीच्या उतारावर टेकवला की एक पाय उताराला आणि दुसरा ओळंब्याला सोडून तिरका वर. मग (२, ३, ६) ची लांबी ७, १४ भागिले ७, म्हणजे प्रतलाचं आरंभबिंदूपासून अंतर २, हे भाचीनं स्वतः काढलं. मला आता वहीत गुण्याच लिहावं वाटतंय.

विटेकर: गुण्या? आमच्याकडं काटकोन्या. आणि ओळंबा नाही, वळंबा.

वाईकर: ओळंबाच. अवलंब वरनं आलाय, लोंबतो तो.

विटेकर: आजोबा वळंबाच म्हणायचे. वळलेल्या दोरीला बांधतात म्हणून वळंबा.