मदत हवी आहे: अण्णांनी पीएम किसानची फाईल उघडली, आता फोनचं काय करू?

नमस्कार मंडळी, मी परभणी जिल्ह्यातला. परवा दुपारी अण्णांना फोन आला, "तुमचा पीएम किसानचा २००० चा हप्ता अडकलाय, केवायसी आजच करा नाहीतर नाव कटतंय". अण्णांचं नाव, गाव सगळं बरोबर सांगितलं त्यामुळं अण्णांना वाटलं कृषी खात्याचाच माणूस हाय, मग व्हॉट्सॲपवर एपीके फाईल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाईल) आली, तो बोलत बोलत एकेक परमिशन द्यायला लावत गेला आणि अण्णा "हो साहेब, हो साहेब" करत दाबत गेले. मी शेतातून आलो तेव्हा फोन चालूच होता, लगेच कट केला अन् नेट बंद केलं. बघितलं तर त्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी होती, म्हणजे ओटीपी सरळ त्यांच्याकडं.

बँकेत जाऊन खातं गोठवलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला तक्रार दिली, ##००२# लावून कॉल फॉरवर्डिंग पण बंद केलं. पैसे अजून गेले नाहीत.

आता विचारायचं असं की नुसतं ॲप काढून भागतं का फोन पूर्ण रीसेटच मारावा लागतो? अन् फोटोंचा बॅकअप घेतला तर त्यात ते परत येतं का? नातीचे फोटो हायेत त्यात सगळे.

दुसरं, अण्णा लई मनाला लावून घ्यायलेत, जेवणावरून उठले काल. गावात अजून कुणाकुणाला असे फोन येतायत. म्हाताऱ्या माणसांना न दुखवता हे कसं समजावता तुम्ही, कुणी सांगेल का?