मदत हवी आहे: ड्रायव्हरच्या दाराचं आतलं पॅड, सेकंडहँड, अर्जंट

लोकहो पटकन सांगा. ड्रायव्हरच्या दाराचं आतलं पॅड पाहिजे, जुनं चालेल, नवीन मागितलं तर पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागेल म्हणतात आणि ती जाम महाग. दार ओढून लावायची मूठ हातात आली, सध्या काच खाली करून वरून दार ओढतोय. एकाकडून आणलं, फोटोत डिट्टो सेम, पण बसतच नाही आणि आता तो परत घेत नाही. काय बघून घ्यायचं? शनिवारी गाडी घेऊन लांब जायचंय.

खडखडाट: गाडी कुठली? साल? बसत नाही म्हणजे नेमकं काय, क्लिपा जुळत नाहीत, कपलर (वायरी जोडायचा प्लग) लागत नाही, की दुसऱ्या बाजूचं आणलंत? (हसू नका, मी आणलंय.)

धागाकर्ता: बाजू बरोबर आहे हो. खालच्या क्लिपा बसतात, वरच्या नाही. गाडीचं नाव मुद्दाम टाकत नाही, मागे टाकलं तर आठवडाभर इनबॉक्सात नुसतं "सर पार्ट अव्हेलेबल".

निवांत_काका: मग हे डॉक्टरला फोनवर खोकून दाखवण्यातलं झालं. असो. फोटोवर जाऊ नका, फेसलिफ्ट झाली, म्हणजे कंपनीनं त्याच मॉडेलात थोडे बदल केले, की पुढून तसंच दिसतं पण मागे क्लिपांच्या जागा बदललेल्या असू शकतात. तुमचं पॅड काढून पालथं करा, प्लास्टिकमध्येच पार्ट नंबर उठवलेला असतो, तो जुळवा. बऱ्याच कंपन्यांत नंबराची शेवटची अक्षरं रंगाची असतात, ती वेगळी असली तरी पॅड बसतं. शेजारी घड्याळासारखा गोल शिक्का दिसला तर त्यात बाण महिना दाखवतो, मधे साल असतं, म्हणजे विकणारा काहीही सांगो, पॅड कधी बनलं ते कळतं.

जुगाडू: एक पॅड काय घेत बसलात, भंगारात गेलेली सेम गाडी बघा आणि चारी पॅडं, सीटा, सगळं एकदम उचला. मी तेच केलं. रंगही मॅच होतो, नाहीतर एक दार ताजं आणि तीन उन्हानं विटलेली.

फ्यूज_गेला: लोकांना सीटा उचलायला सांगू नका राव. सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर सीटखाली पिवळा कपलर असतो, बॅटरी न काढता तो ओढला की मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा, आणि कधी कधी त्याहून वाईट. जुनी एअरबॅग आणि जुना सीटबेल्ट मी फुकट दिला तरी घेणार नाही.

जुगाडू: माझा दिवा नाही लागला.

फ्यूज_गेला: बल्ब काढला असेल कोणीतरी. त्या भंगार गाडीचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला होतात का? पुरात बुडालेली असेल तर आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते. सीटच्या रुळातही गाळ बसतो.

जुगाडू: घरी जाऊन बघतो.

चकाचक: हेडलाइट पिवळे पडले असतील तर टूथपेस्ट लावून घासा, मस्त निघतात.

खडखडाट: ???

धागाकर्ता: हेडलाइट ठीक आहेत. पॅड काढलं, नंबर वेगळा निघाला. मूठ जिथे बसते तिथल्या खुंट्या मोडल्यात. सुपरग्लू लावून बघू का?

निवांत_काका: मागे कंसात कुठलं प्लास्टिक ते लिहिलेलं असेल. एबीएस (ब्रेकवालं नाही, प्लास्टिकचा एक प्रकार) असेल तर चिकटेल. पीपी असेल तर ग्लू वाया, त्याला साधा ग्लू धरत नाही.

धागाकर्ता: पीपी-टीडी२०.

निवांत_काका: म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात २० टक्के टाल्क. ग्लू विसरा. आता सांगा, आणलेल्या पॅडची मूठ तुमच्यासारखीच आहे ना? मागून स्क्रू आहेत की वितळवून दाबलेल्या खुंट्या?

धागाकर्ता: सेम टू सेम मूठ. खुंट्या, सहा.

निवांत_काका: मग झालं की! खुंट्यांची फक्त टोपी ब्लेडने तासा, बुडापासून कापू नका. मूठ तुमच्या पॅडवर चढवा आणि प्रत्येक खुंटीत रुंद वॉशर घालून छोटा स्क्रू, आधी बारीक भोक पाडून, नाहीतर चिरेल. क्लिपा मात्र नव्या घ्या, जुन्या क्लिपा पॅड काढतानाच मेलेल्या असतात.

फ्यूज_गेला: आणि पॅडमागचा तो प्लास्टिकचा कागद फाडला नाही ना? तो नीट चिकटवा, दारात शिरलेलं पाणी तोच अडवतो, नाहीतर पावसात पायाखालचं कार्पेट भिजेल.

धागाकर्ता: कागद... अर्धा फाटलाय. जाड पॉलिथीन आणि दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली. मूठ बसली!! दार ठणठणीत ओढलं जातं. फक्त आरसा हलत नाही आता.

खडखडाट: आरशाच्या स्विचचा कपलर लावलात का?

धागाकर्ता: ओह.

जुगाडू: बेल्ट बघितला. रेघ आहे.

काटकसर: ते उरलेलं पॅड विकणार का? माझं पण तेच तुटलंय आणि बहुतेक माझ्याकडे हीच गाडी आहे. कुठली आहे तुमची?