ट्रायसोमी १८ असलेल्या बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया: करावी की नाही?

निशिगंध
नवजात अतिदक्षता विभागात २२ वर्षं नर्स होते. निवृत्त झाले तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

ट्रायसोमी १८, म्हणजे एडवर्ड्स सिंड्रोम. अठरावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. अशा दहातल्या आठ-नऊ बाळांच्या हृदयात दोष असतो, बहुतेकदा खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक (व्हीएसडी). हेच भोक बाकी सगळं ठीक असलेल्या बाळाला असतं, तर कधी बुजवायचं एवढाच प्रश्न असतो. या बाळांच्या फाइलवर मात्र ‘जीवनाशी विसंगत’ असा शेरा पडायचा. ऊब द्या, दूध द्या, वाट बघा. बाळ जायचं. मग आम्हीच म्हणायचो, बघा, ही बाळं जगतच नाहीत. अहो, जगायला आपण काय केलं होतं?

डाऊन सिंड्रोमच्या मुलांबद्दल एके काळी हेच बोललं जायचं. १९८२ साली अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला असं एक बाळ जन्मलं. अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. पालकांनी शस्त्रक्रिया नाकारली, कोर्टाने त्यांचा निर्णय उचलून धरला, सहाव्या दिवशी बाळ गेलं. ‘बेबी डो’ म्हणून ते प्रकरण गाजलं. तेव्हा डाऊनच्या व्यक्तीचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं, आज साठीच्या घरात आहे. त्यात हृदयाच्या शस्त्रक्रियांचा मोठा वाटा आहे.

माझं म्हणणं एवढंच, की सिंड्रोमचं नाव बघून ठरवू नका, समोरचं बाळ बघून ठरवा.

बालहृदयवाला
ताई, तुमच्या अनुभवाला मान देऊन असहमत. डाऊनची तुलना ऐकायला बरी वाटते, पण इथे लागू होत नाही. ट्रायसोमी १८ मधली बरीच बाळं हृदयामुळे नाही, तर मेंदू श्वासाचा आदेश द्यायचं थांबवतो म्हणून जातात. भोक बुजवून ते कसं सुधारेल?

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा २०१६ चा अभ्यास घ्या. वर्षभर जगलेली बाळं साधारण आठात एक, दहा वर्षं जगलेली दहात एक. आणि शस्त्रक्रिया झालेली बाळं जास्त जगतात हे खरं असलं, तरी टेबलावर कोण पोचतं? जी आधीच काही महिने तग धरून आहेत, ती. श्रेय सुरीचं किती आणि निवडीचं किती, हे सांगणं अवघड आहे.

तिसरा_चहा
थोडं कटू लिहितो. अतिदक्षतेतली एक खाट महिनोन्महिने अडली, तर बाहेर थांबलेल्या बाळाचं काय? त्याचं नाव कुणी धागा काढून लिहीत नाही.

निशिगंध
खाट अडते हे मान्य. पण २६व्या आठवड्यातच जन्मलेलं बाळही महिनोन्महिने खाट अडवतं, तेव्हा हा हिशोब मी एकदाही ऐकला नाही. हिशोब करायचाच असेल तर सगळ्यांचा करा.

आडनाव_नको
आमच्या मुलीला ट्रायसोमी १८ होतं. आम्ही ऑपरेशनला होकार दिला. ऑपरेशन यशस्वी झालं असं सांगितलं गेलं, आणि ते खोटंही नव्हतं. भोक बुजलं. पण ती व्हेंटिलेटरवरून उतरलीच नाही. ११ आठवडे. त्यातले तिला मांडीवर घेतलेले दिवस चार. संमतीपत्रावर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मृत्यू, सगळं छापलेलं होतं. हे कुठे नव्हतं.

मी विरोधात आहे असं नाही. पण ‘संधी द्या’ म्हणणाऱ्यांनी त्या ११ आठवड्यांचंही बोलावं.

निशिगंध
दादा, यावर मला उत्तर सुचत नाही, आणि उगाच देणारही नाही. तुमच्या मुलीसारखी बाळं मी सांभाळली आहेत.

फक्त वाट बघण्याबद्दल एक लिहिते, तुम्हाला उद्देशून नाही. ‘थोडं मोठं होऊ दे, मग बघू’ हा निर्णय पुढे ढकलणं नसतं, तोही निर्णयच असतो. मोठं भोक उघडं राहिलं की फुप्फुसांकडे जोराने रक्त जात राहतं, तिथल्या रक्तवाहिन्या जाड होतात, आणि एका टप्प्यानंतर भोक बुजवणंच धोक्याचं ठरतं. म्हणजे ‘बघू’ म्हणता म्हणता दार बंद होतं, आणि ते कुणी बंद केलं हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

ओवी_आणि_आई
माझा मुलगा ४ वर्षांचा आहे, ट्रायसोमी १८, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. बोलत नाही, बसायला आधार लागतो. आवाज ओळखून हसतो. ‘त्याला काय आयुष्य आहे’ हे मला सांगणाऱ्यांपैकी कुणी त्याच्याजवळ तासभरही बसलेलं नाही. २०१२ साली तीनशेहून अधिक पालकांना विचारलं होतं, तेव्हा ९७ टक्के म्हणाले की आमचं मूल आनंदी आहे किंवा होतं.

बालहृदयवाला
तो अभ्यास माहीत आहे. ते पालक आधारगटांतून आले होते, तिथे सगळेच जात नाहीत. पण तुमच्या मुलाच्या हसण्यावर मी टक्केवारी घेऊन वाद घालणार नाही.

माझी भूमिका जरा नीट मांडतो, वर फार एकतर्फी झालं. एकच कप्पा काम करत असेल आणि तीन टप्प्यांच्या शस्त्रक्रिया लागणार असतील, तर या बाळांत मी नकोच म्हणेन. साधं व्हीएसडी, बाळ स्वतः श्वास घेतंय, वजन वाढतंय, तर बोलायला जागा आहे. आणि दर वेळी हृदय उघडून भोकच बुजवलं पाहिजे असंही नाही. फुप्फुसाच्या धमनीभोवती पट्टी आवळतात, त्याला बँडिंग म्हणतात. हृदय थांबवावं लागत नाही, फुप्फुसं वाचतात, बाळ कसं वाढतंय ते बघायला काही महिने मिळतात. अट एकच: व्हेंटिलेटर सुटला नाही तर किती दिवस थांबायचं आणि गळ्याला छिद्र पाडायचं की नाही, हे ऑपरेशनच्या आधी ठरवा. नंतर ते ठरवायचं बळ कुणात उरत नाही.

तिसरा_चहा
खाटेचा मुद्दा सोडत नाही, पण २६ आठवड्यांवाल्या उत्तराला माझ्याकडे तोड नाही.

आडनाव_नको
@बालहृदयवाला, हे बँडिंग. आम्हाला त्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. तिचं वजन तेव्हा २ किलो ३०० होतं. करता आलं असतं का?

बालहृदयवाला
रिपोर्ट न बघता हो किंवा नाही म्हणणं चुकीचं होईल. एवढ्या वजनावर बँडिंग करतात. तुम्हाला पर्याय म्हणून सांगायला हवं होतं.